क्षमा कोणी करावी?

नरकचतुर्दशीच्या पहाटे अभ्यंगस्नान आटोपले की तुळशीवृंदावनापाशी कारीट फोडायची आपल्याकडे चाल आहे. डाव्या पायाच्या अंगठ्याखाली ते कडू फळ चिरडायचे, त्याचा थेंब जिभेला लावायचा आणि नरकासुर मेला म्हणून फराळाला बसायचे. लहानपणी आम्हां भावंडांत त्या कारिटासाठी केवढी चुरस लागे! पण दोन दिवस उलटतात न उलटतात तोच बलिप्रतिपदा येते. मग त्याच घरातली माउली दिवा ओवाळताना इडापिडा टळो आणि बळीचे राज्य येवो, असे म्हणते. हा बळी तरी कोण? तोही असुरच. सण एक, घर एक. परंतु एका असुराला आपण पायाखाली चिरडतो आणि दुसऱ्याची रांगोळीत आकृती काढून पूजा करतो. ह्यात काही विसंगती आहे असे आपल्याला कधी वाटतही नाही.

विशेष म्हणजे अपराध्याला क्षमा करावी की शासन करावे, हा प्रश्न महाभारतात ह्याच बळीच्या तोंडी आला आहे. वनपर्वात द्रौपदी धर्मराजाला ती जुनी कथा सांगते. बळीने आपले आजोबा प्रल्हाद ह्यांना विचारले, की क्षमा श्रेष्ठ की तेज श्रेष्ठ? प्रल्हादाने दिलेले उत्तर मोठे व्यवहारी आहे. सदासर्वदा क्षमा करणाऱ्याला त्याचे नोकरसुद्धा जुमानीत नाहीत, आणि सदासर्वदा तापट असणाऱ्याला घरची माणसेही सापाप्रमाणे भितात. म्हणून काळवेळ पाहावी. ज्याने पूर्वी उपकार केले, ज्याच्या हातून अजाणता चूक घडली, ज्याचा पहिलाच अपराध आहे, त्याला क्षमा करावी. एवढे सांगून द्रौपदी म्हणते, की कौरवांना क्षमा करण्याचा काळ आता सरला. धर्मराजाला ते पटत नाही. क्रोधाला क्रोधाने उत्तर देत गेले तर प्रजाच उरणार नाही, क्षमेवरच हे जग उभे आहे, असे तो तिला सांगतो. त्या अध्यायांत दोघांचाही पुरता जय होत नाही. व्यासांनी तो वाद तसाच उघडा ठेवला आहे.

हा वाद पोथीतच राहिला असता तर दिवाळीच्या दिवसांत तुम्हां वाचकांपुढे तो मांडण्याचे मला कारण नव्हते. परंतु आमच्या सातारा जिल्ह्यात तो हाडामांसाच्या माणसांमध्ये घडला आहे. वाईहून पसरणीचा घाट चढून गेले की पाचगणी लागते. आज तिथे मुलांच्या सहली जातात, टेबल लँडवर घोड्यांच्या फेऱ्या होतात, स्ट्रॉबेरीच्या टोपल्या रिकाम्या होतात. मीही शाळेतली मुले घेऊन तिथे अनेकदा गेलो आहे. इंग्रजांनी वसविलेले हे गाव सिल्व्हर ओकच्या झाडांसाठी, निवासी शाळांसाठी आणि क्षयरोग्यांना मानवणाऱ्या हवेसाठी प्रसिद्ध झाले. त्याच हवेसाठी १९४४ सालच्या जुलै महिन्यात महात्मा गांधी तिथे राहायला आले.

गांधीजी त्यावेळी पंचाहत्तरीच्या घरात होते. ६ मे १९४४ रोजी पुण्याच्या आगाखान पॅलेसमधून त्यांची सुटका झाली होती. त्याच बंदिवासात १५ ऑगस्ट १९४२ रोजी महादेवभाई देसाई गेले आणि २२ फेब्रुवारी १९४४ रोजी कस्तुरबा गेल्या. पुत्रासारखा सहकारी आणि बासष्ट वर्षांची सहधर्मचारिणी ह्यांना तिथल्याच मातीत ठेवून, हिवतापाने पोखरलेले शरीर घेऊन हा म्हातारा पाचगणीच्या ‘दिलखुश’ बंगल्यात उतरला. बंगल्याचे नाव दिलखुश, आणि आत राहणाऱ्याच्या मनावर दुःखाचा एवढा डोंगर! दैवाची ही थट्टाच म्हणायची.

त्या बंगल्यातून १७ जुलै रोजी दोन पत्रे निघाली. एक महंमद अली जीनांना, भेटीची इच्छा दर्शविणारे. आणि दुसरे ब्रिटिश पंतप्रधान विन्स्टन चर्चिल ह्यांना. ह्याच चर्चिलसाहेबांनी १९३१ साली त्यांना अर्धनग्न फकीर म्हणून हिणवले होते, आणि त्यांच्याच सरकारच्या कैदेत कस्तुरबांनी प्राण सोडले होते. अशा माणसाला गांधीजी लिहितात, की फकीर होणे आणि तोही नग्न होणे हे फार अवघड काम आहे, मी त्या प्रयत्नात आहे. तेव्हा तुमच्या आणि माझ्या देशाच्या भल्यासाठी माझ्यावर विश्वास ठेवा आणि माझा उपयोग करून घ्या. शिवी देणाऱ्याची शिवी आपण आशीर्वादासारखी स्वीकारायची आणि पुन्हा त्याच्यापुढे हात करायचा! ते पत्र वाटेत गहाळ झाले, पुढे पुन्हा पाठवावे लागले, आणि त्यातून निष्पन्न काही झाले नाही. परंतु क्षमा करणारा माणूस समोरच्याच्या उत्तरावर अवलंबून राहत नाही, एवढे त्यावरून दिसते.

त्याच महिन्यात पाचगणीत आणखी एक प्रसंग घडला. राजगोपालाचारी ह्यांनी काँग्रेस आणि मुस्लिम लीग ह्यांच्यात तडजोड व्हावी म्हणून एक योजना मांडली होती. मुसलमानांची बहुसंख्या असलेल्या सलग जिल्ह्यांतील लोकांचा कौल घेऊन, त्यांना वेगळे व्हायचे असेल तर होऊ द्यावे, असा तिचा आशय होता. गांधीजींनी तिला संमती दिली आणि हिंदुत्वनिष्ठ तरुणांची माथी भडकली. पुण्याहून अशा तरुणांचा एक जथा पाचगणीला आला. त्यांनी घोषणा दिल्या, निषेध केला, प्रार्थनेच्या वेळी गोंधळ घातला. ह्या जथ्यात नारायण आपटे असल्याचे सांगितले जाते. भिलारचे स्वातंत्र्यसैनिक भिकू दाजी तथा भिलारे गुरुजी २०१७ साली वारले. ते अखेरपर्यंत सांगत, की सुरा घेऊन धावणारा तरुण नथुराम गोडसे होता आणि आपण त्याचा हात पिरगाळला. पुण्यातील एक लॉजमालक मणिशंकर पुरोहित ह्यांनीही गांधीहत्येच्या चौकशीसाठी नेमलेल्या न्यायमूर्ती कपूर आयोगापुढे साक्ष दिली. त्या आयोगाचा अहवाल १९६९ साली आला. सुरा होता की नव्हता, तो तरुण कोण होता, ह्यांबद्दलच्या साक्षी एकमेकींशी जुळत नाहीत, आणि इतिहासाच्या विद्यार्थ्याने त्या ओढूनताणून जुळवू नयेत. गांधीजींनी त्या तरुणाला बोलावून, माझ्याजवळ आठ दिवस राहा, आपण बोलू, असे सांगितल्याची आठवण मात्र पाचगणीत अजून सांगतात. तो राहिला नाही; गांधीजींनी त्याला जाऊ दिले.

असे जाऊ देणे त्यांना नवे नव्हते. १८९७ साली दरबानमध्ये गोऱ्यांच्या जमावाने मारहाण केली तेव्हा त्यांनी फिर्याद देण्याचे नाकारले. १९०८ साली जोहान्सबर्गमध्ये मीर आलम नावाच्या पठाणाने डोके फोडले. शुद्धीवर येताच गांधीजींनी त्याला सोडण्याची विनंती केली. हाच मीर आलम पुढे त्यांचा चाहता झाला. १९३४ च्या जूनमध्ये पुण्यात त्यांच्या सत्काराला निघालेल्या मोटारींवर बाँब पडला, तेव्हाही त्यांच्या तोंडून निघाली ती कीवच. २० जानेवारी १९४८ रोजी दिल्लीत प्रार्थनासभेजवळ स्फोट करणाऱ्या मदनलाल पाहवाबद्दलही, त्या तरुणाचा कोणी द्वेष करू नये, असे त्यांनी दुसऱ्या दिवशी लोकांना सांगितले.

येथे एक गोष्ट नजरेआड करून चालणार नाही. गांधीजींच्या ह्या वागण्याला विरोध करणारे सारेच काही माथेफिरू नव्हते. १९२० सालच्या आरंभी लोकमान्य टिळकांनी गांधीजींना स्पष्ट शब्दांत कळविले होते, की राजकारण हा संसारी माणसांचा खेळ आहे, साधूंचा नव्हे. बुद्धाने सांगितलेल्या अक्रोधापेक्षा, जो जसा वागेल त्याला तसे फळ, हे श्रीकृष्णाचे वचन आपल्याला जवळचे वाटते, असा त्यांचा पक्ष होता. गांधीजींनी उत्तर दिले, की शठाशीसुद्धा सत्यानेच वागावे. एकाने मंडालेच्या तुरुंगात गीतेवर ‘गीतारहस्य’ लिहिले, दुसऱ्याने तीच गीता ‘अनासक्तियोग’ ह्या नावाने गुजरातीत आणली. आणि पुढे नथुरामाने न्यायालयात आपल्या कृत्याच्या समर्थनार्थ राम, कृष्ण आणि अर्जुन ह्यांचेच दाखले दिले! एकाच विहिरीचे पाणी तिघांनी काढले, पण टिळकांच्या आणि नथुरामाच्या घागरी एक मानणे हा मोठा अन्याय होईल. टिळक प्रतिकाराची बाजू उघड मांडीत होते. प्रार्थनेला निघालेल्या निःशस्त्र वृद्धावर गोळी झाडण्याला त्यांच्या गीतेत कोठेही आधार नाही.

आमच्या जिल्ह्यातही त्या काळी क्षमेचे वारे नव्हते. क्रांतिसिंह नाना पाटील ह्यांचे प्रतिसरकार गावोगाव चालू होते. गुंड, दरोडेखोर, सरकारचे खबरे ह्यांना पकडून तळपायांवर मार देत; लोकांनी त्यावरूनच त्याला ‘पत्री सरकार’ म्हटले. गोरगरिबांच्या लेकीबाळींना त्या धाकामुळे निर्भयपणे वावरता आले, ही गोष्ट खोटी नाही. त्याच सुमारास पाचगणीहून गांधीजींनी भूमिगतांना सल्ला दिला, की लपून राहू नका, उघडपणे पुढे या. साताऱ्याच्या बहाद्दरांनी तो आदराने ऐकला, पण मानला नाही. समर्थ रामदासांच्या सज्जनगडाखाली वाढलेली ही माणसे! आणि इकडे, अंगावर पुनःपुन्हा थुंकणाऱ्यावर न रागावता एकशे आठ वेळा गोदावरीत स्नान करणाऱ्या एकनाथांची कथाही हीच माणसे कीर्तनात डोळे पुसत ऐकत. मराठी मनाच्या देवघरात हे दोन्ही देव शेजारी शेजारी बसलेले आहेत.

मग आले ते ३० जानेवारी १९४८. गांधीजी दिल्लीत पडले आणि मारेकरी महाराष्ट्रातला ब्राह्मण असल्याचे कळताच सातारा, सांगली, कोल्हापूर ह्या भागांत ब्राह्मणांच्या घरांना आगी लागल्या. कोल्हापुरात भालजी पेंढारकरांचा जयप्रभा स्टुडिओ जळाला. व्यंकटेश माडगूळकरांनी त्या दिवसांवर ‘वावटळ’ ही कादंबरी लिहिली आहे. ती ज्यांनी वाचली त्यांना अधिक सांगायला नको. ज्या महात्म्याने जन्मभर मारेकऱ्यांना सोडून दिले, त्याच्या नावाचा जयजयकार करीत, ज्यांनी काही केले नव्हते अशांची घरे पेटविण्यात आली. साने गुरुजींना हे सारे असह्य झाले. त्यांनी प्रायश्चित्त म्हणून २१ दिवसांचे उपोषण केले. अपराध त्यांचा नव्हता; पण कोणीतरी मान खाली घालायला हवी होती, ती त्यांनी घातली.

खटला चालला. १० फेब्रुवारी १९४९ रोजी नथुराम आणि आपटे ह्यांना फाशीची शिक्षा झाली. नथुरामाने अपील केले ते कटाच्या आरोपापुरते. खुनाच्या शिक्षेविरुद्ध त्याने अपील केले नाही. अशा वेळी गांधीजींचे दोन पुत्र, मणिलाल आणि रामदास, ह्यांनी ह्या दोघांना फाशी देऊ नये, अशी मागणी केली. रामदासांनी तर बापाच्या मारेकऱ्याशी पत्रव्यवहार केला, त्याला पश्चात्तापाकडे वळविण्याचा यत्न केला. कुटुंबाच्या दुःखाबद्दल नथुरामाने खेद कळविला, परंतु आपले कृत्य चुकले असे मानले नाही. दयेचे अर्ज फेटाळले गेले आणि १५ नोव्हेंबर १९४९ रोजी अंबाल्याच्या तुरुंगात शिक्षेची अंमलबजावणी झाली.

त्यावेळी भारताचे गव्हर्नर जनरल कोण होते? राजगोपालाचारी! ज्यांच्या योजनेवरून पाचगणीत ते तरुण ओरडत आले होते, तेच हे राजाजी, गांधीजींचे व्याही. त्यांची कन्या लक्ष्मी ही गांधीजींच्या देवदास ह्या मुलाला दिलेली होती. म्हणजे एकाच कुटुंबात मुलगे म्हणतात सोडा, आणि व्याही राज्याच्या आसनावर बसून म्हणतात सोडता येत नाही.

ह्यांपैकी बरोबर कोण? मला विचाराल, तर दोघेही. आणि मला जे सांगायचे आहे ते एवढेच आहे. रामदास गांधींचा बाप गेला होता. क्षमा करण्याचा अधिकार त्यांचा होता आणि तो त्यांनी बजावला. राजाजी मात्र राज्याचे विश्वस्त होते. आपल्या धर्मशास्त्रकारांनीसुद्धा राजाला दंडातून मोकळीक दिली नाही. राजाने दंड केलेला अपराधी त्या दंडानेच शुद्ध होतो, असे मनुस्मृती मानते. फाशी असावी की नसावी, हा निराळा वाद आहे आणि गांधीजी फाशीच्या विरुद्धच होते. पण दुसऱ्याच्या वतीने क्षमा वाटणे हे राज्याचे काम नव्हे, हे राजाजींना कळत होते. आणि दुसऱ्याच्या वतीने सूड घेणे हे तर कोणाचेच काम नव्हे, हे गावोगाव मशाली घेऊन निघालेल्या जमावाला कळले नाही. क्षमा ज्याची जखम त्याचीच. तिच्यावर शेजाऱ्याचा, जातीचा किंवा पक्षाचा हक्क पोचत नाही. आणि जखमी माणसाला, तू क्षमा केलीच पाहिजेस, असे दरडावण्याचाही हक्क कोणाला नाही.

यावर कोणी विचारील, की ज्याने मागितली नाही त्याला क्षमा करून उपयोग काय? ह्या प्रश्नावर धर्माधर्मांत मतभेद आहेत. येशू ख्रिस्ताने क्रुसावरून, कोणी काही मागितले नसता, क्षमेची प्रार्थना केली. सांगली-कोल्हापूरकडच्या आमच्या जैन बांधवांनी निराळी वाट काढली आहे. दशलक्षण पर्वाचा पहिला धर्मच मुळी उत्तम क्षमा. आणि पर्व संपले की क्षमावाणीच्या दिवशी थोरामोठ्यांपासून पोराबाळांपर्यंत सारे एकमेकांपुढे हात जोडतात. तिथे अपराधी कोण आणि क्षमा करणारा कोण, हा भेदच राहत नाही. मागणारा आधी कोण, ह्या मानापमानात जी क्षमा अडून बसते तिची त्यांनी वर्षातून एकदा सोडवणूक करून ठेवली आहे. आपल्या संक्रांतीच्या तिळगुळातही तेच शहाणपण नाही काय?

पाचगणीची गोष्ट अजून पुरी झालेली नाही. देवदास आणि लक्ष्मी ह्यांचे चिरंजीव राजमोहन गांधी आजोबांच्या हत्येच्या वेळी बारा वर्षांचे होते. त्यांच्या पुढाकाराने नैतिक पुनरुत्थानाच्या चळवळीचे केंद्र उभे राहिले, १९६८ च्या जानेवारीत त्याचे उद्घाटन झाले. त्याचे नाव ‘एशिया प्लॅटो’. आणि ते उभे राहिले ते पाचगणीतच! ह्या चळवळीचे मूळ केंद्र स्वित्झर्लंडमधील को ह्या डोंगरगावी आहे. जर्मनांचा पराकोटीचा द्वेष करणाऱ्या इरेन लोर नावाच्या फ्रेंच समाजवादी बाईंनी १९४७ साली तिथे जर्मनांसमोर उभे राहून, मी तुमचा जो द्वेष केला त्याबद्दल मला क्षमा करा, असे म्हटले होते. जिच्या देशावर अत्याचार झाले तीच क्षमा मागते! ऐकणाऱ्या जर्मनांना त्या रात्री झोप कशी लागली असेल? ज्या गावात आजोबांनी एका तरुणाला आठ दिवस बोलायला बोलावले असे सांगतात, त्याच गावात नातवाने भांडणाऱ्या माणसांना एकत्र बसून बोलण्यासाठी छप्पर उभे केले. ही योजना मुद्दाम केलेली असो वा नसो, मला ती फार आवडते.

शेवटी घरचे थोडे सांगतो आणि थांबतो. १९४८ साली आमचेही घर जळाले. माझी आजी तेव्हा विशीतली, कडेवर तान्हे मूल. शेजारच्या मराठा कुटुंबाने तिला गोठ्यात कडब्यामागे दडवून ठेवले म्हणून ती वाचली. मशाली घेऊन आलेल्यांत कोण कोण होते हे तिला ठाऊक होते. पण त्यांची नावे तिने आम्हां पोरांना कधी सांगितली नाहीत. मी शिक्षक झालो, आणि दुसऱ्याच वर्षी माझ्या वर्गात एक मुलगा आला. त्याचे आडनाव ऐकून आजी स्वयंपाक करता करता थांबली. “त्याचा आजा होता त्या रात्री,” एवढेच ती म्हणाली. मी विचारले, “तू त्यांना माफ केलंस का गं?” तिने चुलीतले लाकूड आत सारले. “माफ-बिफ मला कळत नाही. जळलेलं घर मला अजून दिसतं. पण पोराचं गणित कच्चं असलं तर त्याला घरी बोलाव. आणि हात उगारू नकोस त्याच्यावर.”

तो मुलगा वर्षभर संध्याकाळी आमच्या पडवीत बसून अपूर्णांक शिकला. आजी त्याला कधी लाडू देई, कधी नुसतीच आत निघून जाई. द्रौपदी आणि धर्मराज ह्या दोघांनाही तिने घरात जागा दिली होती, असे आता वाटते. ह्या पाडव्याला दिवा ओवाळताना बळीचे नाव घ्याल तेव्हा, आपल्या आजोबांपुढे बसून हाच प्रश्न विचारणारा तो नातूही आठवावा.